आपली इन्स्टॉलेशन डिस्क आपण बनवावी का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, आणि २०१७-१८ पूर्वीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. त्यामुळे शाळांच्या संगणक-कक्षांतली, पतसंस्थांतली आणि घरोघरची चालू स्थितीतली अनेक यंत्रे एका तारखेत जुनी ठरली. अशा यंत्राचा मालक दुकानात गेला, की त्याला हमखास एक तोडगा सुचवला जातो: ‘हलकं केलेलं विंडोज आहे, पेन ड्राइव्हवर तयार आहे, फॉरमॅट मारून टाकून देतो.’ कोणी तरी मूळ ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फेरफार करून बनवलेली ती इन्स्टॉलेशन डिस्क असते. सीडी गेली, डीव्हीडी गेली, आता पेन ड्राइव्ह आला. तरी नाव डिस्कच राहिले आणि प्रश्नही तोच राहिला. मूळ डिस्क जशी मिळते तशी वापरावी, की आपल्या गरजेप्रमाणे बदलून घ्यावी?

या प्रश्नावर दोन टोकांची उत्तरे ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, कंपनीने दिलेल्या वस्तूला हात लावणे हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. इन्स्टॉल करा, अपडेट चालू करा, कामाला लागा. दुसरा पक्ष म्हणतो, संगणक आपला आहे, त्यावर काय असावे हे आपणच ठरवले पाहिजे. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात, कारण ‘बदललेली डिस्क’ या एका नावाखाली चार वेगवेगळी कामे दडलेली आहेत आणि त्यांचा न्याय एकत्र करता येत नाही. माझे म्हणणे असे आहे की मूळ सिस्टिममध्ये भर घालणे आणि इन्स्टॉलेशनच्या प्रश्नांची उत्तरे आधी लिहून ठेवणे हे अनेक ठिकाणी शहाणपणाचे असते. मूळ सिस्टिमचे भाग कापून काढणे जवळपास कधीच फायद्याचे नसते. आणि या सगळ्या खटाटोपातून जे टिकाऊ हाती लागते, ते म्हणजे डिस्क कशी बनवली याची लिखित नोंद. डिस्क तिच्यापुढे दुय्यम आहे.

आधी ती चार कामे वेगळी करू. पहिले काम म्हणजे सिस्टिम बाजारात आल्यानंतर निघालेल्या दुरुस्त्या डिस्कमध्येच मिसळणे. एक्सपीच्या काळात याला ‘स्लिपस्ट्रीम’ करणे म्हणत. दुसरे काम, आपल्या यंत्राला लागणारे ड्रायव्हर आधीच घालणे. तिसरे, भाषा, कीबोर्ड, वेळेचा पट्टा, वापरकर्त्याचे नाव, कोणती सॉफ्टवेअर हवीत अशा प्रश्नांची उत्तरे एका फाइलमध्ये लिहून ठेवणे, म्हणजे इन्स्टॉलेशन चालू असताना कोणी समोर बसायला नको. चौथे काम कापण्याचे: नको असलेले प्रोग्राम, सेवा, घटक मूळ डिस्कमधूनच काढून टाकणे. पहिली तीन कामे सिस्टिम बनवणाऱ्यांनी स्वतः ठेवलेल्या वाटेने करता येतात. चौथे काम बहुधा त्यांच्या इच्छेविरुद्ध, मागच्या दाराने करावे लागते. हा फरक लक्षात ठेवला, तर पुढचा वाद बराच सोपा होतो.

पहिल्या कामाचे महत्त्व कळायला २००३ साल आठवावे लागते. विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली. १६ जुलै २००३ रोजी मायक्रोसॉफ्टने तिच्यातल्या एका गंभीर भगदाडावर दुरुस्ती काढली. महिनाही उलटला नव्हता, तोच ११ ऑगस्टच्या सुमारास त्याच भगदाडातून शिरणारा ब्लास्टर नावाचा वर्म जगभर पसरला. संगणक नेटला जोडताच पडद्यावर साठ सेकंदांची उलटी गणती सुरू व्हायची आणि यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा चालू व्हायचे. एक्सपीची फायरवॉल तेव्हा मुळात बंद असायची. ती आपोआप चालू राहू लागली ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून. त्याच वर्षी सान्स या संस्थेच्या इंटरनेट स्टॉर्म सेंटरने हिशेब मांडला होता की दुरुस्त्या न घातलेले विंडोज यंत्र नेटला जोडल्यावर सरासरी सुमारे २० मिनिटांतच त्याच्यावर हल्ला पोचतो. इकडे सर्व्हिस पॅक २ ची पूर्ण फाइल अडीचशे एमबीहून मोठी होती. ५६ केबीपीएसच्या डायल-अप जोडणीवर ती उतरवायला दहा तासांहून अधिक वेळ लागणार. म्हणजे ज्या दुरुस्तीने यंत्र वाचणार, ती आणायला गेलेले यंत्र वाटेतच मारले जाणार. सर्व्हिस पॅक आधीच मिसळलेली सीडी बनवणे हा त्या काळी हौशी लोकांचा नाद नव्हता. तो निर्धोक मार्ग होता. ती सोय एक्सपीमध्ये कंपनीनेच ठेवली होती, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

ड्रायव्हरचेही तसेच. एक्सपी आली तेव्हा साटा हार्ड डिस्क सर्वत्र पोचलेल्या नव्हत्या. पुढे लॅपटॉप एएचसीआय पद्धतीने हार्ड डिस्क चालवू लागले, तेव्हा एक्सपीच्या इन्स्टॉलेशनला समोरची हार्ड डिस्कच दिसेना. सुरुवातीला एफ-६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यायचा, अशी सोय होती. पण त्या लॅपटॉपला फ्लॉपीचा ड्राइव्हच नसे. ड्रायव्हर न मिळाल्यास निळा पडदा ठरलेला. विंडोज ७ च्या वाट्याला २०१५ नंतर हेच भोग आले. इंटेलच्या नव्या पिढीच्या बोर्डांवर जुन्या धाटणीचा यूएसबी कंट्रोलर उरला नाही, विंडोज ७ च्या डिस्कमध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर नव्हता, आणि इन्स्टॉलेशनच्या पहिल्याच पडद्यावर कीबोर्ड आणि माउस दोन्ही मुके होऊ लागले. ज्याने डिस्कमध्ये ड्रायव्हर मिसळून ठेवला, त्याचेच काम पुढे सरकले.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी त्या काळाची आणखी एक आठवण महत्त्वाची आहे. एक्सपीमध्ये मराठी कीबोर्ड होता, मंगल फॉन्टही होता, पण नेहमीच्या इंग्रजी इन्स्टॉलेशनमध्ये देवनागरीसाठीच्या फाइली आपोआप येत नसत. कंट्रोल पॅनेलमधल्या प्रादेशिक आणि भाषाविषयक पानावर जाऊन जोडाक्षरी लिपींच्या आधाराची चौकट टिचकवायची, मग संगणक मूळ सीडी मागायचा. सीडी कपाटात कुलूपबंद, नाही तर विक्रेत्याने दिलेलीच नाही. अशा वेळी माणूस काय करतो? रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेला फॉन्ट वापरतो आणि पुढे जातो. तसा मजकूर ना शोधता येतो, ना दुसऱ्या यंत्रावर वाचता येतो. तशा फॉन्टांत अडकलेली कागदपत्रे आजही कार्यालयांत पडून आहेत. याची कारणे अनेक आहेत, पण इन्स्टॉलेशनच्या वेळीच मराठी चालू न होणे हे त्यांतले एक आहे. तेव्हा उत्तरांच्या फाइलमध्ये मराठीच्या ओळी घातलेली सीडी प्रत्येक कार्यालयात असती, तर ते नुकसान काही प्रमाणात तरी टळले असते. सुरुवातीला आयती मिळालेली सोयच बहुतेक माणसे वापरतात. म्हणून ती सुरुवात कोण ठरवतो, याला मोल आहे.

आता विरुद्ध बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे ऐकू. ते म्हणतात, हा सगळा इतिहास झाला. विंडोज १० पासून दुरुस्त्या एकत्रित स्वरूपात येतात. शेवटची एक घातली की मागच्या सगळ्या आल्या. कंपनी अद्ययावत प्रतिमा, म्हणजे संपूर्ण इन्स्टॉलेशन डिस्कची एक फाइल, मोफत उतरवू देते. ड्रायव्हर नेटवरून आपोआप येतात. नेटचा वेग वाढला. फायरवॉल पहिल्या क्षणापासून चालू असते. मराठी कीबोर्ड दोन टिचक्यांत जोडता येतो, २०१९ पासून उच्चारानुसार टाइप करण्याचा मराठी कीबोर्डही विंडोजमध्येच आहे. लिनक्सच्या उबंटू, डेबियन, फेडोरा यांच्या नव्या प्रतिमाही नियमित निघतात. मग आपण बनवलेली डिस्क बनवल्या दिवसापासून शिळी होत जाणार, आणि ती ताजी ठेवण्याचे ओझे आपल्याच डोक्यावर. हे म्हणणे खरे आहे. घरात एक लॅपटॉप असलेल्या माणसाला मीही हेच सांगेन: अधिकृत प्रतिमा घ्या, इन्स्टॉल करा, डिस्क बनवण्याच्या भानगडीत पडू नका. जे काम तीन-चार वर्षांत एकदा करायचे, त्यासाठी स्वयंचलित व्यवस्था उभारण्यात हशील नाही.

पण सगळ्यांकडे एकच लॅपटॉप नसतो. समजा, नीट चालणारी उत्तरांची फाइल लिहून ती आभासी यंत्रावर तपासायला एका माणसाचे दोन दिवस, म्हणजे सोळा तास गेले. समजा, तिच्यामुळे प्रत्येक यंत्रामागे समोर बसून राहण्याचा दीड तास वाचला. अकराव्या यंत्राला खर्च भरून निघतो. त्यापुढे प्रत्येक यंत्र, आणि पुढच्या वर्षी तीच यंत्रे पुन्हा फॉरमॅट करावी लागली तर तीही, निव्वळ फायद्यात. वीस संगणकांचा कक्ष असलेली शाळा, तालुक्याचे वाचनालय, पंधरा टेबलांची पतसंस्था, टंकलेखनाचे वर्ग या सगळ्या जागा त्या रेषेच्या पलीकडे आहेत. आकडे आपापल्या जागी बदलून पाहावेत. पण हिशेब न करताच ‘वेळ वाया जातो’ म्हणणे किंवा ‘वेळ वाचतो’ म्हणणे, दोन्ही सारखेच पोकळ.

तरीही वेळेचा हिशेब हा माझ्या मते या प्रश्नाचा गाभा नाही. माणूस हाताने वीस यंत्रे तयार करतो, तेव्हा वीस थोडी वेगळी यंत्रे तयार होतात. सातव्यावर मराठी कीबोर्ड राहून जातो, बाराव्यावर वेळेचा पट्टा चुकतो, पंधराव्यावर विद्यार्थ्याच्या खात्याला व्यवस्थापकाचे अधिकार दिले जातात. चूक कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नसते, कारण काय केले हे कुठेही लिहिलेले नाही. ज्या शिक्षकाने कक्ष उभारला त्याची बदली होते आणि त्याच्याबरोबर ते ज्ञानही जाते. नवा माणूस पहिल्या दिवसापासून अंदाजाने चालतो. उत्तरांची फाइल असेल, तर तिच्यात झालेली चूक सगळ्या यंत्रांवर एकसारखी होते. ती एका जागी सापडते आणि एका जागी दुरुस्त होते. ती फाइल वाचता येते, तिच्यावर आक्षेप घेता येतो, ती पुढच्या माणसाकडे सोपवता येते. सार्वजनिक पैशाने घेतलेल्या संगणकावर काय घातले आहे आणि का, हे लिहिलेले असणे ही मोठी गोष्ट आहे.

आता कापण्याकडे वळू, कारण बहुतेकांना डिस्क बनवण्याचा मोह त्यासाठीच होतो. एक्सपीच्या काळात एनलाइट नावाच्या प्रोग्रामने हे काम कोणालाही करता येण्याइतके सोपे केले. व्हिस्टासाठी व्हीलाइट आले. विंडोज ११ साठी टायनी ११ सारखे फेरफार प्रसिद्ध आहेत. मागणी कुठून येते हेही समजण्यासारखे आहे. विकत घेतलेल्या सिस्टिममध्ये न मागितलेली ॲप येतात, जाहिराती येतात, चार जीबी रॅमचे यंत्र सुरू होता होताच दमते. त्याविरुद्धची चीड रास्त आहे. उपाय मात्र चुकीचा आहे. ऑपरेटिंग सिस्टिमचे भाग एकमेकांवर उभे असतात आणि ते अवलंबन बाहेरून दिसत नाही. एक्सपीतून इंटरनेट एक्सप्लोरर मुळासकट उपटला, तर मदतीची पाने उघडणे बंद व्हायचे आणि त्याच्या इंजिनावर चालणारे दुसरेच प्रोग्राम अडायचे, कारण तो भाग इतर अनेकांच्या कामी येत होता. त्याहून वाईट म्हणजे पुढची दुरुस्ती बसवताना सिस्टिम जी फाइल शोधते ती सापडत नाही, आणि दुरुस्ती अर्धवट पडते. टायनी ११ च्या सर्वांत छाटलेल्या आवृत्तीत तर पुढच्या दुरुस्त्या बसवण्याची यंत्रणाच काढून टाकलेली असते. तिच्या कर्त्यानेच ती चाचणीपुरती आहे, रोजच्या कामासाठी नाही, असे सांगितले आहे. काही जीबी जागा वाचवण्यासाठी आपण यंत्राची स्वतःला सावरण्याची ताकद गमावतो. ब्लास्टरच्या काळात डिस्क बनवली जात होती ती दुरुस्त्या आत आणण्यासाठी. आज कापलेली डिस्क दुरुस्त्यांची वाटच बंद करते.

मग जुन्या, कमी ताकदीच्या यंत्राचे काय? नको असलेली ॲप इन्स्टॉलेशननंतर रीतसर काढता येतात, सेवा बंद ठेवता येतात. ते निर्णय उलटवताही येतात. तेवढ्याने भागत नसेल, तर मुळातच हलकी घडवलेली सिस्टिम निवडावी. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांसारखा हलका डेस्कटॉप असलेले डेबियन किंवा उबंटूचे हलके भावंड चार जीबी रॅममध्ये समाधानाने चालते, त्याला दुरुस्त्या मिळतात, आणि ते वापरणे पूर्णपणे कायदेशीर आहे. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी भाषाही निवडता येते. जे काम हलक्या सिस्टिमने होते, त्यासाठी जड सिस्टिमचे लचके तोडण्याचे कारण नाही.

कापलेली डिस्क दुसऱ्याने बनवलेली असेल, तर प्रश्न विश्वासाचा होतो. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात युनिक्सचे एक कर्ते केन थॉम्प्सन यांनी दाखवून दिले होते की प्रोग्रामचा स्रोत डोळ्यांखालून घातला तरी, तो भाषांतरित करणारे साधन दूषित असेल तर आत चोरवाट राहू शकते. ज्या वस्तूचा स्रोतही आपण पाहिलेला नाही, अशा अनोळखी डिस्कबद्दल मग काय बोलावे? हा केवळ तात्त्विक धोका नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि १७.३ सिनॅमन आवृत्तीच्या दुव्यावर चोरवाट असलेली प्रतिमा लावली गेली. ज्यांनी त्या दिवशी ती उतरवली, त्यांनी बिघडलेली सिस्टिम स्वतःच्या हाताने घरात घेतली. तो प्रकार लवकर उघड झाला, कारण प्रकल्प खुला होता, मूळ प्रतिमेचा हॅश, म्हणजे तिच्या आशयावरून काढलेली ओळखखूण, ठाऊक होता आणि प्रकल्पाच्या लोकांनी लगेच जाहीर सूचना दिली. पेन ड्राइव्हवरच्या ‘हलक्या विंडोज’ला यांतले काहीच नसते. त्याचा कर्ता टोपणनावाने वावरतो, हॅश कशाशी ताडायचा हे ठाऊक नसते, आणि सोबत बहुधा ॲक्टिव्हेशन चुकवण्याचा क्रॅक असतो, जो चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे, विद्यार्थ्यांची माहिती ठेवणे हा बेजबाबदारपणा आहे. शिवाय फेरफार केलेली विंडोज वाटण्याचा हक्क कोणालाही नाही. आपल्या परवान्याच्या मर्यादेत आपल्या यंत्रांसाठी तयारी करणे वेगळे आणि बदललेली प्रत बाजारात फिरवणे वेगळे.

याउलट खुल्या पायावर, जाहीरपणे, जबाबदार माणसांनी बनवलेली डिस्क काय करू शकते याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. केरळमध्ये २००१ साली सुरू झालेल्या आयटी ॲट स्कूल प्रकल्पाने शाळांसाठी स्वतःची लिनक्स डिस्क बनवली. पुढे काइट नावाच्या सरकारी कंपनीने ते काम चालवले. २०१९ मध्ये उबंटू १८.०४ वर आधारलेली त्यांची आवृत्ती दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी काढली गेली, आणि परवान्यांचे सुमारे ३००० कोटी रुपये वाचल्याचा काइटचा दावा होता. त्या आकड्यावर वाद घालता येईल. पण डिस्कमध्ये काय होते ते पाहा: अभ्यासक्रमाला लागणारी सॉफ्टवेअर, भूमितीसाठी जिओजेब्रा, मल्याळम लिहिण्याची सोय. त्या डिस्कबरोबर शिक्षकांचे प्रशिक्षण होते, तिच्यावर बेतलेली पाठ्यपुस्तके होती, दहावीची माहिती-तंत्रज्ञानाची परीक्षा होती. डिस्क त्या व्यवस्थेचा एक भाग होती, म्हणून ती टिकली.

दुसरे उदाहरण स्पेनच्या एक्स्ट्रेमादुरा प्रांताचे. या तुलनेने गरीब प्रांताने २००२ मध्ये डेबियनवर आधारलेली लिनएक्स ही स्वतःची सिस्टिम काढली आणि शाळांत बसवली. जगभर तिचे कौतुक झाले. दहा वर्षांनी, २०१२ मध्ये, त्याच प्रांताने सरकारी कार्यालयांतले सुमारे ४०,००० संगणक थेट डेबियनवर नेण्याचा मनोदय जाहीर केला. स्वतंत्र सिस्टिम वर्षानुवर्षे ताजी ठेवण्यापेक्षा मूळ प्रकल्पाला चिकटून राहणे परवडते, हा त्यातला अर्थ मला दिसतो. आपली डिस्क मुळापासून जितकी दूर जाते, तितका तिच्या देखभालीचा खर्च वाढतो, आणि हा खर्च बनवण्याच्या दिवशी दिसत नाही.

ही दोन उदाहरणे एकत्र ठेवली की वाट स्पष्ट होते. स्थानिक गरज खरी आहे, ती भागवली पाहिजे. पण मुळापासून कमीत कमी अंतर ठेवून. आजची साधने नेमके हेच करू देतात. विंडोजची अधिकृत प्रतिमा पेन ड्राइव्हवर जशीच्या तशी उतरवून उत्तरांची एक एक्सएमएल फाइल तिच्या मुळाशी ठेवली, तर इन्स्टॉलेशन ती आपण होऊन वाचते. ड्रायव्हरसाठीही ठरलेल्या नावाचे फोल्डर ठेवता येते. डेबियनमध्ये प्रीसीड, रेड हॅट आणि फेडोरामध्ये किकस्टार्ट, उबंटूमध्ये ऑटोइन्स्टॉल अशा साध्या मजकुराच्या फाइली हेच काम करतात. मूळ प्रतिमेला हात लागत नाही, म्हणून तिचा हॅश जुळतो, स्वाक्षरी तपासता येते, आणि नवी आवृत्ती आली की फक्त प्रतिमा बदलायची, फाइल तीच. दही कोणी वर्षभर साठवून ठेवत नाही, विरजण मात्र मोडू देत नाही. ही फाइल ते विरजण आहे.

या वाटेवरही सांभाळायच्या जागा आहेत. विंडोजच्या उत्तरांच्या फाइलमध्ये पासवर्ड लपवल्यासारखा दिसतो, पण तो केवळ बेस-६४ रूपात असतो. ज्याच्या हाती पेन ड्राइव्ह पडेल त्याला तो क्षणात उलगडतो. म्हणून खरा पासवर्ड तिच्यात लिहू नये. तात्पुरता द्यावा आणि इन्स्टॉलेशननंतर बदलावा. हार्ड डिस्क आपोआप पुसून विभाग पाडण्याच्या ओळीही फाइलमध्ये घालता येतात. त्या घातलेला पेन ड्राइव्ह चुकीच्या यंत्राला लागला, तर कोणाचा तरी आयुष्यभराचा दस्तऐवज कोणतीही विचारणा न होता जातो. तो एक प्रश्न माणसासाठीच राखून ठेवावा. आणि प्रतिमा कपाटात जपून ठेवण्याचा मोह टाळावा. यंत्र सुरू होताना सिस्टिमची स्वाक्षरी तपासणाऱ्या सिक्युअर बूटसाठी २०११ साली काढलेल्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते. २०२३ मध्ये उघड झालेल्या ब्लॅकलोटस या बूटकिटनंतर, म्हणजे सिस्टिमच्या आधीच चालू होणाऱ्या घातक प्रोग्रामनंतर, मायक्रोसॉफ्टने आणलेले निर्बंध ज्या यंत्रावर लागू होतील, तिथे जुनी बूट डिस्क चालणारच नाही. हौसेने बनवून ठेवलेली डिस्क ऐन गरजेच्या वेळी यंत्राने नाकारणे, हे आता सहज घडू शकते. दर सहा महिन्यांनी ताजी प्रतिमा घ्यावी, एका यंत्रावर किंवा आभासी यंत्रावर ती चालवून पाहावी आणि तारीख लिहून ठेवावी.

महाराष्ट्रात हे काम करण्याजोगे आहे आणि करणे आवश्यक आहे. सपोर्ट संपलेल्या यंत्रांचे काय करायचे हा निर्णय प्रत्येक शाळेने एकट्याने, दुकानदाराच्या भरवशावर घ्यावा, ही पद्धत बरी नव्हे. जिल्ह्यातल्या चार तंत्रस्नेही शिक्षकांनी किंवा एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी मिळून एक उत्तरांची फाइल लिहावी. तिच्यात मराठी भाषा आणि कीबोर्ड पहिल्या क्षणापासून चालू असावा, युनिकोड फॉन्ट असावेत, लिबरऑफिस असावे, विद्यार्थ्यांसाठी मर्यादित अधिकारांचे खाते असावे. प्रत्येक ओळीशेजारी ती का घातली हे मराठीत लिहावे. ती फाइल सर्वांना खुली करावी, म्हणजे दुसरा जिल्हा तिच्यात सुधारणा करील. तिला फार पैसा लागत नाही. सातत्य लागते, आणि ते एका माणसापेक्षा गटाला अधिक जमते.

थोडक्यात, एकच संगणक असेल तर डिस्क बनवू नका. दहा-बारा किंवा अधिक असतील, तर जरूर तयारी करा, पण मूळ प्रतिमा अखंड ठेवून. काहीही कापू नका. अनोळखी माणसाने बनवलेली डिस्क कितीही हलकी आणि कितीही फुकट असली तरी घेऊ नका. आणि तुमच्या शाळेत, वाचनालयात, कार्यालयात पुढच्या वेळी कोणी संगणक फॉरमॅट करायला बसेल, तेव्हा त्याने काय काय घातले ते एका कागदावर तरी लिहून घ्या. पहिली फाइल त्या कागदावरूनच तयार होईल.